अर्धी गच्ची

माझ्या बायकोला काम करायला दोन खुर्च्या लागतात. एक चाकांची, भिंतीकडे तोंड केलेली. दुसरी वेताची, खिडकीशी. चाकांच्या खुर्चीत बसली की ती मार्केटिंग सल्लागार असते. लोकांनी काय विकत घ्यावं आणि घेतल्यावर शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने बघावं, हे ती कंपन्यांना शिकवते. वेताच्या खुर्चीत बसली की ती पर्यावरण आणि ऊर्जा या विषयांवर वर्तमानपत्रात लेख लिहिते. लोकांनी काय काय विकत घेऊ नये, हे त्यात असतं.

दोन खुर्च्यांमध्ये अंतर हातभराचं. ते ओलांडताना हिचा चेहरा बदलतो, आवाज बदलतो, चष्मासुद्धा बदलतो. आम्ही घरातले आता सरावलोय. चाकांच्या खुर्चीतल्या बाईला चहा हवा का, असं विचारायचं. वेताच्या खुर्चीतल्या बाईला न विचारता नेऊन ठेवायचा, आणि गॅस किती वेळ चालू होता असं तिने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. एकदा माझ्या आईने वेताच्या खुर्चीत हिला क्लायंटचा फोन नेऊन दिला. ही फोन घेऊन उठली, चष्मा बदलला, चाकांच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मग "हॅलो" म्हणाली. तोवर पलीकडच्याने कंटाळून फोन ठेवलाही होता.

मला या सगळ्याचं फार कौतुक आहे. मी एका विमा कंपनीत दावे तपासतो. दावे तपासतो म्हणजे नाकारतो. मला एकच खुर्ची आहे आणि तीही डुगडुगते.

आता खरी गंमत अशी की हिचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे एसी बनवणारी कंपनी. आमचं घर त्या कंपनीवर चालतं. माझ्या पगारावर घराचा फक्त उत्साह चालतो. आणि हिचे सगळ्यात जोरदार लेख कशावर? घर यंत्राशिवाय गार कसं ठेवावं, यावर. यात लपवाछपवी काही नाही हं. हिने पहिल्याच दिवशी कंपनीच्या साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, मी ऊर्जेवर लिहिते. कधी एसीच्या विरोधातही लिहीन."

साहेब म्हणाले, "लिहा की! माणसाला छंद हवा. आमची मिसेस पण कविता करते."

साहेबांनी हिचा एकही लेख कधी उघडून बघितला नाही, आणि दोन्ही खुर्च्या सुखाने नांदत होत्या. मग संपादकांचा फोन आला.

"मॅडम, लेख उत्तम असतात," संपादक म्हणाले. "पण आकडे वाचून वाचून आमचा मुद्रितशोधक रजेवर गेलाय. जरा काहीतरी करून दाखवा आणि मग ते लिहा ना."

हिने फोन ठेवला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, आपण गच्ची पांढरी करू या."

कल्पना साधी होती. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचा. ऊन आल्या वाटेने परत जातं, खालच्या खोल्या तापत नाहीत, वीज वाचते. मी म्हटलं, त्यात काय, एका रविवारचं काम. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी अशी वाक्यं बोलतो.

इमारतीची सभा भरली. हिने उभं राहून सगळं समजावून सांगितलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या गच्चीला आजवर कोणी रंग दिलेला नाही."

"म्हणूनच तर," ही म्हणाली.

"म्हणूनच नको. आज गच्चीला दिला, उद्या जिना म्हणेल मलाही द्या."

मग कर्नल उठले. कर्नल हे सैन्यात कधीच नव्हते. साबणाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. पण मिशी आणि आवाज या दोन गोष्टींच्या जोरावर इमारतीने त्यांना बढती दिली होती. ते राहतात सगळ्यात वरच्या मजल्यावर, डाव्या हाताला. "पांढरं मळतं!" एवढंच बोलून ते बसले. उजव्या हाताला, त्यांच्या भिंतीला भिंत लावून, मास्तरीणबाई राहतात. त्यांना काळजी पक्ष्यांची. "त्यांचे डोळे दिपले तर? उतरताना अंदाज चुकला तर?"

मग कोणीतरी मुख्य शंका काढली. "पण काय हो, तुम्ही राहता पहिल्या मजल्यावर. वरच्यांच्या उकाड्याशी तुमचा संबंध काय?"

सभेत एकदम कुजबुज झाली. माणूस स्वतःच्या फायद्यासाठी काही करत असेल तर लोक समजून घेतात. फायदा दिसत नाही म्हटल्यावर मात्र काहीतरी काळंबेरं असणारच.

सेक्रेटरींनी तोडगा काढला, "आधी नगरपालिकेची परवानगी आणा." तोडगा म्हणजे काम आपल्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर टाकणं, ही व्याख्या मला सेक्रेटरींमुळे कळली. हिने ते काम माझ्या अंगावर टाकलं.

नगरपालिकेच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी मला विचारलं, "रंग म्हणजे दुरुस्ती की सुशोभीकरण?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

"काय बिघडलंय?"

"ऊन फार लागतं."

"ऊन आमच्याकडे येत नाही."

"मग सुशोभीकरण समजा."

"सुशोभीकरण म्हणजे बाहेरून दिसायला हवं. गच्ची बाहेरून दिसते का?"

"वरून दिसते."

"वरून कोण बघतं?"

मला मास्तरीणबाई आठवल्या. "पक्षी," मी म्हटलं.

"मग उद्यान विभाग. जिना चढून डावीकडे."

उद्यान विभागाने मला झाडं आहेत का विचारलं. नाहीत म्हटल्यावर, ती का नाहीत असं विचारलं. मी दुसऱ्यांना जे प्रश्न रोज विचारतो तेच मला कोणीतरी विचारत होतं, आणि ते किती मूर्खासारखे असतात हे मला प्रथमच कळत होतं. शेवटी एका विभागाने सांगितलं की या कामाला परवानगी लागत नाही. पण परवानगी लागत नाही असं आम्ही लिहून देत नाही, कारण ते लिहून द्यायला परवानगी लागते.

मी घरी येऊन सोफ्यावर आडवा झालो. दुसऱ्या दिवशी ही स्वतः गेली आणि तासाभरात परत आली.

"झालं," म्हणाली. "नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांची केबिन सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. घामाने निथळत होते बिचारे. म्हटलं, सर, आमच्याकडे जमलं तर तुम्हाला लगेच कळवते. त्यांनी सेक्रेटरींना स्वतः फोन केला, 'मॅडमना अडवू नका' म्हणाले."

आई म्हणाली, "बघ. तू काय विचारलंस? परवानगी द्या. तिने काय विचारलं? तुम्हाला उकडतंय का." माझी आई सासू म्हणून हिला मिळाली, त्या दिवसापासून मला आई राहिलेली नाही.

रंग लावायला रंगारी बोलावला. तो गच्ची बघून म्हणाला, "मी भिंती रंगवतो. यात वाकावं लागेल." आणि गेला. मग कोण वाकणार? ज्याचा कणा घरात आधीच वाकलेला आहे, तो.

मी उजव्या बाजूने सुरुवात केली. मन लावून काम केलं, आणि बरोबर गच्चीच्या मध्यावर रंग संपला. उजवी बाजू दुधासारखी, डावी तव्यासारखी. सगळी इमारत वर आली. प्रत्येकाने आधी गच्चीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मोजमाप कोणी केलं होतं?" सेक्रेटरींनी विचारलं. मीच केलं होतं. "विमा कंपनीत असतात ना तुम्ही?" असं म्हणून त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात माझ्या अख्ख्या कंपनीची अब्रू गेली.

संध्याकाळी मी हिला म्हटलं, "मी दोनदा मोजलं होतं गं. कसं चुकलं कळत नाही."

"चुकलं नाही," ही चाकांच्या खुर्चीतून म्हणाली. "मी अर्धाच मागवला होता."

"काय?"

"सॅम्पल कधी सगळ्यांना द्यायचं नसतं. एकाला द्यायचं आणि शेजाऱ्याला दाखवायचं."

सगळ्या इमारतीसमोर माझी शोभा झाली होती, पण योजना इतकी सुंदर होती की मला रागही धड येईना.

कारण पुढच्याच आठवड्यात मास्तरीणबाई पक्षी विसरल्या. आता त्या दुपारी दार उघडं टाकून, कर्नलना ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोलायला लागल्या. "काय सांगू तुला, काल दुपारी मला चादर ओढून घ्यावी लागली!" पलीकडे कर्नलांच्या घरात एसी गुरगुरायचा आणि कर्नल त्याच्याहून मोठ्याने. "आमच्या बाजूचं ऊन काय कमी प्रतीचं आहे का?" असं ते मला जिन्यात विचारायचे. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला की आमच्या गच्चीच्या चकाकीमुळे त्यांना दुपारी गॉगल लावून वर्तमानपत्र वाचावं लागतं. हिने उलट निरोप पाठवला, "वर्तमानपत्र वाचता हे ऐकून आनंद झाला. शनिवारचं पान जरूर बघा."

शनिवारच्या पानावर लेख आला. मथळा होता, 'एसी घेण्याआधी वर बघा'. सोबत अर्ध्या गच्चीचा मोठा फोटो. लेखात कर्नल होते, मास्तरीणबाई होत्या, चादर होती. आकडे होते, पण ते माणसांच्या मागे गुपचूप उभे होते. मी तो लेख ऑफिसात दावा घेऊन आलेल्या चौघांना वाचून दाखवला आणि त्यातल्या दोघांचे दावे त्या दिवशी मंजूर केले.

आणि तो लेख आणखी एका घरात मोठ्याने वाचला गेला. एसीवाल्या साहेबांच्या कविता करणाऱ्या मिसेसनी तो त्यांना नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवला. वर म्हणाल्या, "किती छान लिहिते ही! आपणही गच्ची रंगवू या का?"

साहेबांचा फोन आला तेव्हा ही वेताच्या खुर्चीत होती. उठली, चष्मा बदलला, चाकांच्या खुर्चीत बसली. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. पण आता दोन्ही नाही चालणार. लेख किंवा आमचं काम. मी उद्या दुपारी तुमच्या घरी येतो, उत्तर द्या."

त्या संध्याकाळी ही दोन्ही खुर्च्या सोडून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसली. तिला त्या स्टुलावर बसलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. मी उगाच म्हटलं, "लेखाचं काय एवढं? काही दिवस थांबव. नंतर पुन्हा..."

"लिहिते म्हणून मला विकताना खोटं बोलावं लागत नाही हो," ती म्हणाली. "आणि विकते म्हणून लिहिताना लोकांचा राग येत नाही. माणसं का घेतात ते ठाऊक असतं. एक गेलं की दुसरं आपोआप वाईट होईल माझं."

आईने तिच्यापुढे चहा ठेवला. न विचारता.

मग हिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतंच. ती विचार करत होती. "त्यांना वर घेऊन जाते," ती म्हणाली. "आधी मास्तरीणबाईंकडे बसवते, मग कर्नलांकडे. मला बोलावंच लागणार नाही. अहो, तुम्ही मला एक मदत कराल?"

"सांग! काहीही सांग!"

"उद्या काहीही करू नका."

आता मला सांगा, नवऱ्याला यापेक्षा सोपं काम कोणी दिलं असेल का? आणि तेच मला जमलं नाही.

झालं असं की सकाळी ही साहेबांसाठी काहीतरी तयार करत बसली होती, मी रविवार म्हणून घरीच काहीही न करता बसलो होतो, आणि दारात कर्नल उभे. दोन्ही हातांत रंगाचे डबे. "बास झाला हा अन्याय! मी रंग आणलाय. चला वर!" मी विचार केला, साहेब येणार, अर्धवट गच्ची बघून काय म्हणतील? पूर्ण पांढरी दिसली तर हिचं वजन वाढेल. विचार करायची सवय नसली की असं होतं. मी हळूच निघालो.

आई मागोमाग वर आली आणि दारातून म्हणाली, "अरे, चपलांचे ठसे उठतील. काढ त्या इथे." मी चपला दाराशी काढल्या आणि दारापासूनच रंगवत निघालो. ऊन अजून कोवळं होतं. हात छान चालत होता. रंगवत रंगवत मी डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचलो, मान वर केली आणि बघितलं.

दार तिकडे. चपला तिकडे. मध्ये सगळा ओला पांढरा रंग. आणि मी कोपऱ्यात, सतरंजीएवढ्या काळ्या चौकोनावर, अनवाणी. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी 'स्वतःचा निष्काळजीपणा' असा शेरा मारून तत्काळ नाकारला असता.

मी पाय उचलला. दारातून कर्नल गरजले, "खबरदार! एक ठसा उमटला तर बघा! वाळू द्या आधी!"

"कधी वाळेल?"

"डब्यावर लिहिलंय. पण चष्मा खाली राहिलाय."

ऊन चढत गेलं. काळा चौकोन तापत गेला. मी आधी एका पायावर उभा राहिलो, मग दुसऱ्या, मग दोन्ही पायांची पाळी लावली. "टोपी हवी होती रे तुला," आई म्हणाली. "पायाखाली काहीतरी घाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काय घालू?" "ते तुम्ही बघा." सेक्रेटरी आले, बघून गेले, जाताना म्हणाले, "म्हणून मी सांगत होतो."

कर्नल खाली गेले आणि तेवढ्यात साहेब आले. पुढचं मला आईने सांगितलं. ही साहेबांना घेऊन मास्तरीणबाईंच्या खोलीत बसली. गार होतं. मग ही मोठ्या विश्वासाने त्यांना कर्नलांकडे घेऊन गेली, दार उघडलं, आणि कर्नल एसीखाली चक्क हसत बसलेले! कर्नलांना हसताना बघून हिला काय झालं ते क्षणात कळलं. आई म्हणते, तिने फक्त वर बघितलं. छताकडे. छतातून आरपार, माझ्याकडे.

"तुम्हीच ते एसीवाले का?" कर्नल कडाडले. "किती उन्हाळे झाले, तुमचं यंत्र नुसतं गुरगुरतंय! तक्रार केली की माणूस येतो, गॅस भरतो, जातो. पुन्हा तेच. आज सकाळी हिच्या नवऱ्याने वर रंग लावला आणि तुमच्या यंत्राला आज पहिल्यांदा अक्कल आली!"

"नवरा कुठंय?" एवढंच साहेबांनी विचारलं. उत्तर म्हणून वरून माझ्या उड्यांचा आवाज आला.

सगळे गच्चीवर आले. साहेबांना दिसलं ते असं: चकचकीत पांढरी गच्ची आणि कोपऱ्यात एका काळ्या ठिपक्यावर नाचणारा एक प्रौढ गृहस्थ.

मी हिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. पण ही मला ओरडली नाही. वाकून तिने दाराशी रंगाला बोट लावलं. वाळला होता. बहुतेक मघाशीच वाळला होता, पण कोणी बघितलंच नव्हतं. मग शांत आवाजात म्हणाली, "अहो, एक पाय पांढऱ्यावर ठेवा."

मी ठेवला. आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आयुष्यात कधी काढला नव्हता. सुखाचा होता. दुसरा पाय अजून काळ्यावर होता, त्यामुळे अर्ध्या तोंडाने मी कण्हत होतो आणि अर्ध्याने हसत होतो.

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि पांढऱ्यावरून चालत माझ्यापर्यंत आले. एक पाय काळ्यावर टेकवला. "आई गं!" पाय उचलून पांढऱ्यावर ठेवला. "अरे वा." पुन्हा एकदा केलं. त्यांना ते आवडायला लागलं होतं.

"मॅडम," ते माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "आमच्या सगळ्या तक्रारी वरच्या मजल्यावरच्याच असतात की काय?"

"तुमच्या दुरुस्तीवाल्यांना विचारा. जिने चढून दमलेत ते."

"म्हणजे आधी रंग, मग एसी?"

"आधी रंग. मग लागला तर एसी. तोही लहान."

"आणि नाहीच लागला तर?"

मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलून सांभाळून घेईल. मार्केटिंगवाली आहे शेवटी.

"तर ते मी शनिवारी लिहीन," ही म्हणाली.

साहेब चालत दाराशी परत गेले आणि त्यांनी मोजे उचलले.

"आणि सोमवारी?" साहेबांनी विचारलं.

"सोमवारी, ज्यांना खरंच लागतो त्यांना विकू. ते तुम्हाला शिव्या देणार नाहीत."

साहेबांनी कर्नलांकडे बघितलं. कर्नलांनी मिशीवरून हात फिरवला. "ते काल उत्तर मागितलं होतं ना," साहेब मोजे चढवता चढवता म्हणाले, "ते राहू द्या. घरी मिसेसनेही मला काल रंगाबद्दलच विचारलं होतं." मग खिशातून फोन काढून म्हणाले, "अहो मिस्टर, जरा तसेच उभे राहा. एक पाय काळ्यावर, एक पांढऱ्यावर."

"पुन्हा?" मी म्हटलं.

"अहो, उभे राहा ना," ही म्हणाली. कोणत्या खुर्चीतून बोलतेय ते मला कळेना. तिथे खुर्चीच नव्हती.

तो फोटो शनिवारी लेखासोबत छापून आला आणि सोमवारी कंपनीच्या जाहिरातीत. लेखात माझ्या काळ्यावरच्या पायाभोवती गोल आहे, जाहिरातीत पांढऱ्यावरच्या पायाभोवती. लेखात मी समस्या आहे, जाहिरातीत उपाय. दोन खुर्च्यांमधल्या हातभर जागेत हिने मला इतकं बरोबर बसवलंय की ऑफिसात लोक आता माझ्याकडे दावा घेऊन येतात आणि आधी पायांकडे बघतात.

दोन्ही कात्रणं मी फ्रेम करून भिंतीवर लावली. आईने चष्मा लावून ती एकीकडून दुसरीकडे निरखून बघितली.

"फोटो चांगला आलाय हो," ती म्हणाली. "फक्त तू मध्ये नसतास, तर गच्ची पूर्ण दिसली असती."